पोरक्या आकड्यांची हाक

हॅलो? … हॅलो, कोण? … जरा मोठ्यानं बोला, खाली रस्ता खणतायत, सकाळपासून डोकं उठवलंय… हो, इलारिओच बोलतोय. आपण?

निवेस? कुठली निवेस?

… दुइलिओची. दुइलिओची निवेस.

नाही, नाही, आहे मी. थांब, खिडकी लावून घेतो.

हां, बोल. अगं, तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तुझे पुढचे दोन दात पडलेले होते. नंबर कुठून मिळाला माझा? … पेन्शनरांच्या संघातून. अर्मिदानं दिला असणार, ती काय, कुणालाही देते… नाही गं, बरं केलंस. आणि साहेब काय म्हणतेस? काका म्हण. अकरा वर्षं एका टेबलावर होतो आम्ही, तुझा बाप आणि मी.

कसा आहे तो?

अच्छा… अच्छा. उजवा हात गेला, आणि वाचाही. हो, कानावर आलं होतं. यायला हवं होतं मी. निघालोही होतो एकदा, पण हा गुडघा, आणि तुमचा चौथा मजला… तळमजल्यावर गेलात? कधी? … दोन वर्षं झाली. बरं.

कुठं जाताय?

कॅसिनोत? आज? तुम्ही दोघं?

नाही, हसत नाही. अगं, सदतीस वर्षांत तो त्या जिन्याकडे फिरकला नाही. समोरच्या थांब्यावर बससुद्धा पकडत नाही म्हणे, पुढं चालत जातो… माहीत आहे मला. गाव केवढंसं आहे आपलं. आणि आम्ही खेळत नसतो, बाळ. कॅसिनोत नोकरीला असताना बंदी, आणि सुटल्यावर इच्छा उरत नाही. मिठाईवाला कधी स्वतःची मिठाई खातो का?

हं… हं… म्हणजे खेळणार तो, आणि चकत्या ठेवणार तू. आणि तुला यातलं ओ का ठो कळत नाही. बरोबर? … अगं, मग लाजायचं काय त्यात? माझी बायको चाळीस वर्षं माझे कोट इस्त्री करत होती, चकती खिशात जाऊ नये म्हणून खिसे शिवून बंद केलेले असायचे आमचे, तरी तिला विचारलं असतंस तर तीही हेच म्हणाली असती.

त्यानं पाटीवर लिहून दिलंय? डाव्या हातानं? … वाच बरं… हो, सगळे आमचेच शब्द. पेन आहे का जवळ? वीजबिलाच्या पाठीवर लिही, चालेल.

हे बघ. रुलेटमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ठेव. एक चाक, एक कापड. हिरव्या कापडावर एक ते छत्तीस आकडे ओळीनं असतात, तीन-तीनच्या रांगा, आणि डोक्यावर शून्य. चाकावर मात्र तेच आकडे विस्कटलेले, आणि फिरत्या चाकात सोडलेली गोळी ज्यावर पडेल तो आकडा आला. कापडावर शेजारी ते चाकावर शेजारी नसतात. हे विसरलीस की सगळं चुकलं.

आता एकाच आकड्याच्या पोटात चकती ठेवलीस, तो आला, तर पस्तीस पट. हा भरगच्च डाव. दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर ठेवलीस तर तो घोडा… घोडा, घोडा. चकती घोड्यावर बसल्यासारखी, एक पाय इकडे, एक तिकडे. सतरा पट. तीनची आख्खी रांग घेतलीस, कडेच्या रेषेवर ठेवून, अकरा पट. चार आकडे जिथं मिळतात त्या कोपऱ्यावर, आठ. दोन रांगा, सहा आकडे, पाच.

हो, हो, लिही सावकाश. चारला निघायचंय ना, खूप वेळ आहे.

डझन आणि उभी ओळ, बारा-बारा आकडे, दोन पट. मग राहिलं साधं: लाल-काळा, सम-विषम, लहान-मोठा. जेवढ्यास तेवढं. नवीन माणसानं तिथंच खेळावं. शून्य आलं तरी तिथं निम्मं परत मिळतं, बाकीच्यांचं सगळं जातं.

काय? … नको म्हणतो? मान हलवतोय? म्हणजे बसलाय तो शेजारी?

ऐकतोय?

… नाही, काही नाही. सांग त्याला, इलारिओनं… सांग, इलारिओ विचारतोय, कसा आहेस.

बरं. पुढं काय आहे पाटीवर?

अगं, ते सोड. ते नवख्यांचं काम नाही… माहीत आहे, त्यानं दोन रेघा मारल्या असतील त्याच्याखाली. तरी पण सोड. लालवर लावा, एक कॉफी प्या, खिडकीतून समुद्र बघा आणि घरी या.

… बरं. बरं, सांगतो. ऐक ना, सांगतो म्हटलं ना.

पोरके. असं म्हणतात त्यांना. चाकाचे मोठे दोन तुकडे असतात. शून्याच्या दोन्ही बाजूंचे सतरा आकडे, ते शून्याचे शेजारी. त्यांच्या समोरच्या अंगाला बारा, ती पाच-आठची मालिका. मध्ये आठ आकडे उरतात, इकडे तीन, तिकडे पाच. कुणाच्याच घरात नसलेले. म्हणून पोरके.

पाच चकत्या लागतात. लिही. एक, एकट्यावर. मग चार घोडे: सहा-नऊ, चौदा-सतरा, सतरा-वीस, एकतीस-चौतीस… हो, बरोबर धरलंस. सतरा दोनदा येतो. म्हणून सतरा आला की दुप्पट. आपल्याकडे सतराला कुणी हात लावत नाही, अपशकुनी म्हणून, पण पोरके खेळणारा मनात सतराच धरून असतो.

नाही, या चकत्या तू ठेवायच्या नसतात. हा डाव तोंडी असतो. खेळणाऱ्यानं हाक द्यायची, 'पोरके, इतक्याचे'. टेबलावरचा आमचा माणूस, क्रुपिए, तीच हाक मोठ्यानं परत देतो. त्यानं परत दिली की डाव लागला. चकत्या कापडावर पोचल्या असोत वा नसोत. परत दिली नाही, तर तू घसा फोडलास तरी लागला नाही.

हो. तुझा बाप तेच करायचा. हाका परत द्यायचा.

मग आज तो कसा देणार हाक? त्याची वाचा तर…

'पोरके' हा एक शब्द येतो?

दोन वर्षं? तेवढाच एक? … अगं, 'पाणी' म्हणायला शिकवायचं, तुझं नाव शिकवायचं. ती बाई काय करत होती मग, ती वाचा शिकवणारी? … त्यालाच हवा होता. हं.

पण का? बक्षीस थोडंच आहे त्याला? का जायचंय त्याला तिथं?

… परत सांग. ड्रिल चालू झालं. परत सांग.

'आवाज ऐकू जातो का ते बघायचंय.'

हे त्यानं लिहिलं?

नाही, त्याची नोकरी गेली तो दिवस मला ठाऊक आहे. मी होतो तिथं. त्यानं तुला काय सांगितलंय ते सांग.

हं… हं. सर्दी झाली होती त्याला. हो, होती… आवाज बसला होता. असं म्हणतो तो? … हाक परत दिली पण हळू दिली, कुणालाच गेली नाही, सतरा आला, आणि त्याच्यावर आळ आला की गोळी पडल्यावर बोलला, डाव लावणाऱ्या बाईशी संगनमत होतं. आणि चूक त्याचीच, आवाजाची. असं सांगितलंय त्यानं तुला? इतकी वर्षं?

आईलाही?

… काय करायचा?

बाजारात. हो, फुलांच्या बाजारात त्याचा आवाज ऐकलाय मी. कार्नेशनच्या पेट्या मोजताना त्या टोकापासून या टोकापर्यंत ऐकू यायचा. तुतारी म्हणायचे त्याला. मला वाटायचं, तिथल्या हमालांत राहून झाला असेल तसा… घरीसुद्धा? मीठ मागतानासुद्धा ओरडून?

शाळेत तुझ्या मैत्रिणींसमोर.

नाही, मला नव्हतं माहीत. तो समोरून आला की मी रस्ता ओलांडायचो. मला नव्हतं माहीत तो का ओरडतो ते.

निवेस. बाळ, एक मिनिट. गॅसवर मिनेस्त्रोनेचं सूप आहे, बंद करून येतो.

…

हां. आहेस ना?

ऐक. मध्ये बोलू नकोस. मी त्या टेबलाचा प्रमुख होतो, उंच खुर्चीवर बसायचो. बिएल्लाची बाई होती, लोकरीच्या गिरण्यांची मालकीण, मालवानोबाई. गोळी फिरत होती. 'आता काही चालणार नाही' ही आमची शेवटची हाक, त्यानंतर डाव घेत नाहीत, ती तोंडातून निघायची आणि बाईंनी 'पोरके' म्हणायची एकच वेळ झाली. तुझ्या बापानं हाक परत दिली. उशीर झाला होता का? असेल, श्वासभर. अशा वेळी तोडायचं काम प्रमुखाचं. लागला किंवा नाही लागला, तिथल्या तिथं, गोळी पडायच्या आत. मी काहीच बोललो नाही. टेबलाच्या त्या टोकाला एक जण बोटानं चकती सरकवतोय असं मला वाटत होतं, मी तिकडं बघत होतो. गोळी सतरावर पडली.

… हो, ऐक ना. ग्वाल्को आला, आमचा इन्स्पेक्टर. त्यानं मला पहिल्यांदा विचारलं, हाक परत दिली गेली का? ऐकलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच होता, मग तोडलं का नाहीस. तेव्हा कॅमेरे होते, पण मुके. त्यांत ओठ दिसतात, तेही सगळ्यांचे नाही.

मी कानावर हात ठेवले.

ऐकलं नाही, म्हणालो. मग टेबलावरच्या बाकीच्या दोघा क्रुपिएंनीही तेच म्हटलं. प्रमुखानं ऐकलं नाही तर खालचा माणूस ऐकत नसतो, तशी रीतच होती आमच्यात. बाई म्हणत राहिल्या, हा स्पष्ट बोलला. पण त्यांचाच डाव, त्यांचा शब्द कोण धरणार?

ऐकलं होतं मी. स्वच्छ. आख्ख्या दालनात गेली होती त्याची हाक, पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. तसा आवाज कापो सान लुकाच्या कॅसिनोत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

… मला वाटलं, दहा दिवस घरी बसवतील, झालं. सोमवारी जाऊन सांगू, चुकलं आपलं. सोमवारी त्याचा कप्पा रिकामा केलेला होता.

निवेस?

… हो. म्हणजे, हो, झाली माझी बढती. पुढच्या वर्षी.

इलारिओसाहेब? … बरं. तसं म्हण.

नाही, पत्र लिहिलं होतं मी. दोनदा… नाही टाकलं.

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. बोल. बोल तू.

… त्याला? मी? आता? तूच सांग ना, शेजारी बसलाय ना तो… नाही, घाबरत नाही. घाबरतोय. हो. दे त्याच्याकडे.

दुइलिओ?

दुइलिओ, मी इलारिओ. तुझा श्वास येतोय ऐकू. ऐक. त्या दिवशी तुझा आवाज बसला नव्हता. सर्दी होती तुला, रुमाल बाहीत खोचलेला होता, पण आवाज बसला नव्हता. मी ऐकलं होतं. पहिल्या अक्षरापासून. ग्वाल्कोला मी खोटं सांगितलं, माझी खुर्ची वाचवायला. तुझी काही चूक नव्हती. एवढंच. नाही, एवढंच नाही, पण बाकीचं मला बोलता येत नाही.

…

निवेस? तू आहेस? काय करतोय तो?

लिहितोय. बरं. थांबतो… वाच.

'त्या दोघांनीही?'

हो. दोघांनीही ऐकलं होतं. सांग त्याला. पिएरीनो गेला गेल्या साली. दुसरा माझ्यासारखाच बसलाय घरात… नाही, तोही कधी बोलला नाही. आम्ही आपसातसुद्धा त्यावर ब्र काढला नाही.

आता?

अंगातला कोट उतरवतोय? कशाला? … अगं, त्याला सांग, चार वाजता जायचंय. मी येतो. टॅक्सी करतो, गुडघ्याचं बघू काय ते. मी टेबलापाशी उभा राहतो त्याच्या. त्यानं हाक द्यावी, सगळ्यांना ऐकू जाईल, मी… काय?

नाही म्हणतो. ऐकू गेला होता, मग आता बघायचं काय, असं?

पण दोन वर्षं शिकला तो शब्द. तुझे सगळे रविवार गेले त्यात. एवढ्यासाठीच ना? … मला माहीत आहे मी काय केलं. आत्ता काय केलं तेही. मला वाटलं, सांगितलं तर त्याला बरं… मला बरं वाटेल म्हणून सांगितलं का? असेल. असेल तसंही.

चिडलाय का? … मग? … रडतोय?

भूक लागली म्हणतो. सकाळपासून पोटात काही नाही? … बरोबर आहे, आम्ही कुणीच कामाच्या पाळीआधी जेवत नसू. हो, वाढ त्याला. वाढ.

नाही, मी परत फोन करणार नाही. तू म्हणतेस तर नाही. पण निवेस, त्याला कधी वाटलं, दोन-चार महिन्यांनी, तिथं जावंसं… बरं. बरं, ठेव.

…

निवेस, तुझा फोन चालूच राहिलाय. हॅलो? … टेबलावर ठेवलास वाटतं. मला ताटं वाजलेली ऐकू येतायत. निवेस?

… खुर्ची सरकली. पाणी ओततेय कुणीतरी.

दुइलिओ, डाव्या हातानं खातोयस, सावकाश खा. गरम असेल.

… हो, हो, निवेस. हो, मीच आहे अजून. नाही, चोरून नाही ऐकत, तुझाच बंद झाला नव्हता… ठेवतो. हे बघ, ठेवलाच.