पाचव्या सापळ्याची हाक

ऐका रं. आन् मधी कुणी हसायचं न्हाई. मागल्या खेपेला हसलात, मी निम्म्यातनं उठून गेलो.

आपला गेनबा. उन्हाळी भुईमुगावर किडीची पाहणी करायचा. शिवारात पाच कामगंध सापळे लावलेले. वर मादीच्या वासाची गोळी, खाली पिशवी. नर पतंग भुलून येतोय आन् पिशवीत पडतोय. रोज सकाळी गेनबानं ते मोजायचे आन् पिशवी रिकामी करायची. सलग तीन दिवस सापळ्यात आठाच्या वर पडले, की सगळ्या गावानं एकदम फवारायचं. एकट्यादुकट्यानं फवारून अळी हटत न्हाई. दोन दिवस आकडा चढलेला. आन् तिसऱ्या दिवशी ह्यो बाबा सकाळीच उठून मेहुण्याच्या लग्नाला गेला! वरातीत नाचला. परतला तवा अंधार. पहाटे गावाला काय सांगणार? चुकला, तर अळी पानांची चाळण करणार. समद्या गावाच्या शेंगा मातीत.

निघाला बॅटरी घेऊन. बायको, हौसा, म्हणाली, "सकाळी जावा की."

"तू गप बस," म्हणाला. आन् धरली उंबरविहिरीची वाट. विहिरीला कठडा न्हाई, ठाऊक हाय तुमास्नी.

पयल्या सापळ्याला लाल चिंधी. मोजले, नऊ. पुढं गेला. दुसरा सापळा आला. लाल चिंधी! "आरं, ह्यो तर पयलाच!" नाकासमोर चालला. पुन्हा लाल चिंधी! मोजले तर एक. परत मोजले तर तेवीस! वहीत नुसती खोडाखोड. कपाळावर हात मारला त्यानं.

चकवा लागला हुता, पोरांनो. तुमाला कळलं, त्याला न्हाई कळलं. त्यो चिडलेला, स्वतःवरच.

मग बॅटरी गेली. कानाशी कुणीतरी पुटपुटतंय, "सात... तीन... बारा..." गेनबा खेकसला, "कोण हाय त्यो? मोजू दे की मला!"

आन् पुढं कंदील दिसला. हौसाचा आवाज. "अवो, पाचवा सापळा हितं हाय. या ना."

"कंदील तुझ्याकडं हाय, तूच ये हिकडं!"

"दमलात. या, मी मोजते."

हौसा जन्मात इतकी गोड बोलली नव्हती! पण रागात ते बी ध्यानात येईना. "न्हाई येत जा!" म्हणून त्यानं कंदिलाकडं पाठ केली आन् फतकल मारली. आवाज विनवायला लागला. मग रडायला. मग किंचाळायला! मानेवर गार फुंकर. ह्यो आपला एकच हेका, "तू ये!"

तांबडं फुटलं तसा आवाज थांबला. गेनबानं मागं वळून बघितलं. विहीर! पाठीमागं वीतभर जमीन, बस्स!

सरपटत काठापासनं लांब झाला, मग उठला. तरी गडी सापळ्यांकडंच गेला, हं. फडफडणारे पतंग रातचे, ते मोजले न्हाईत. वाळून पडलेले कालचे, ते मोजले. पाची सापळ्यांत आठाच्या वर. दुपारपतुर गावानं फवारलं, शेंगा वाचल्या. घरी हौसानं मात्र दारातच फैलावर घेतला. ती रातभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

म्हणून सांगतो, दिस मावळल्यावर त्या वाटेला जाऊ नका. सांगून सांगून घसा बसला माझा, तुम्ही ऐकाल तर शपथ! आन् गेलातच, पुढनं वळखीची हाक आलीच, तर पाऊल उचलू नका. म्हणा, तूच ये. आपलं माणूस आसंल, तर शिव्या देत का हुईना, येतंय.