मामानं वरून पेलेलं पाणी

फिल्टरच्या नळीनं कोणी बी पाणी पेतं, पण माझ्या मामाला पाजून दाखवा बरं. औंढ्याच्या डोंगरात आमी दोघं मेंढरं घेऊन मुक्कामाला गेलतो. कॅनमधलं पाणी दुपारीच संपलं. जवळ एकच डबकं, अन् त्यात मेंढरं उभी. दाजीनं पुण्याहून आणलेली, घाण पाणी गाळून देणारी नळी मी डबक्यात बुडवली, चोखून पोटभर पेलो अन् मामाकडं केली.

"तुझं उष्टं व्हय रं? मी वरूनच पेतो."

"मामा, ही चोखल्याबिगर चालत न्हाई."

"मंग ऱ्हाऊ दे."

मामाचे ओठ वाळून चालले, पण नळीला तोंड लावंना. मी बी हट्टाला पेटलो. म्हणलं, ह्याच नळीचं पाजीन, तवाच उठीन. मामाकडं पाठ करून डबक्याशी बसलो. एक घोट चोखायचा, तांब्यात सोडायचा. गाल दुखून आले, पण तांब्या भरला.

"कसं काढलं रं?"

"जरा जोर लावला, मामा."

मामानं मान वर केली, धारेनं सगळा तांब्या रिकामा केला अन् मिशा पुसल्या.

"बघ, तोंड न लावता पेलं की पाणी कसं गोड लागतं."

"व्हय मामा. अजून आणू का?"