शीतगोदामातलं पाच मिनिटांचं काम

नाही, पण मला सांगा, 'पाच मिनिटांचं काम' या शब्दांवर अजून बंदी कशी नाही? आमचे थोरले मेव्हणे, म्हणजे बायकोचे दादा, लसींचं शीतगोदाम आहे त्यांचं, ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरमधले, तुम्हाला पाच मिनिटांचं काम!" आणि बायको शेजारून, "करतील की!" झालं! आता मी कोण बोलणारा?

तर गोदामातल्या थर्मामीटरचे आकडे इंटरनेटवरून लांबच्या कुठल्याशा सर्व्हरकडे जायचे, तो तपासणार, मग इथे भोंगा वाजणार. परवा नेट गेलं, नेमकी तेव्हाच खोली तापली, भोंगा मुका, आणि कपाटभर लसी फेकाव्या लागल्या. तान्ह्या बाळांच्या हो! म्हणून ठरलं, तपासणी इथेच, गोदामातच. तळहाताएवढे तीन कॉम्प्युटर, प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, आणि सगळ्यांवर एक मुकादम प्रोग्रॅम. एक कॉम्प्युटर मेला की मुकादम त्याचे डबे दुसऱ्यावर हलवणार. क्लस्टर म्हणतात त्याला. ऐकायला किती गोड!

एक कॉम्प्युटर तयार केला, त्याचीच नक्कल बाकी दोघांवर. हुशारी नडली! नावही तेच गेलं ना! मुकादम म्हणतो, 'या नावाचा एक आहे आत, तुम्ही चालते व्हा!' नावं बदलली. तर एकाचं घड्याळ दोन वर्षं मागे, तो म्हणतो, 'मुकादमाचं हे ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही!' घड्याळ लावलं. तर भोंग्याचा डबा उठतोय, पडतोय, उठतोय, पडतोय... का? तर सेटिंगच्या फाइलीत एक स्पेस जास्त! एक! रिकामी जागा हो, जी दिसतसुद्धा नाही! तीन दिवस गेले. स्टोअरकीपरबाई येता-जाता, "झाली का हो पाच मिनिटं?"

चौथ्या दिवशी दादा म्हणाले, "बघू," आणि एका कॉम्प्युटरची पिन खस्सकन उपटली. आम्ही बघतोय... काही नाही. बाई घड्याळ बघतायत, मी घाम पुसतोय, शीतगोदामात! आणि बरोब्बर पाच मिनिटांनी डबे हलले. का? तर मुकादमाची मूळ सवयच ती, मेलेला परत येतोय का म्हणून पाच मिनिटं वाट बघायची. जगात पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत करणारा हा एकटा, आणि मला नेमकं तेच नको होतं! वीस सेकंदांवर आणला त्याला.

मग दादांनी नेट तोडलं. आणि काय सांगू, भोंगा असा बोंबलला! नेट नाही, तरी! मी आनंदानं ओरडतोय, "चाललं! चाललं!" आणि बाई किंचाळतायत, "अहो नाचताय काय, खोली खरंच तापतेय! दार कुणी उघडं टाकलं?"

दारात स्टूल. स्टुलावरून वायर. वायर माझी.

लसी वाचल्या. दादांनी स्टूल उचललं, दार लावलं, म्हणाले, "यंत्रणा एक नंबर हो! धोका कुणापासून आहे, पहिल्याच दिवशी ओळखलं!"

तेव्हापासून क्लस्टर उत्तम चाललाय म्हणे. म्हणजे बाई सांगतात तसं... मला आत सोडत नाहीत.