बांगड्यांचं माप

कॉम्प्युटरवरचं दुकान बरं की बाजारातलं, असं तुमचं चाललंय म्हणून आठवलं. नव्याण्णव साली अमेरिकेतून आमच्या दिनेशचा रोह्याला शेजाऱ्यांकडे फोन आला. "बाबा, आईला कॉम्प्युटरवरच्या दुकानातून बांगड्या पाठवतोय. माप सांगा, पण तिला कळू देऊ नका. तासाभरानं परत फोन करतो."

चाळीस वर्षांचा संसार, आणि माप मला ठाऊक नाही. ही तांदूळ निवडत होती. जवळ बसून हळूच मनगट धरलं.

"काय वो, नाडी बघताय? मी बरी हाय."

हात सोडला आणि सायकल काढून पुलापलीकडे अष्टमी गावातल्या कासाराकडे गेलो. बांगड्यांचं माप विचारलं, तर त्यानं मान वर न करता सांगितलं, "वहिनींचं ना? सव्वादोन. उजव्या हातात दमानं भरायच्या. मोडलं होतं ते हाड अजून दुखतं त्यांचं."

अजून दुखतं, हे मला ती कधी बोलली नव्हती.

फोन आला तसं मी दिनेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, इथं फक्त आकडा लिहायला जागा आहे."

"मग आकडा लिही," मी म्हटलं. "दमानं भरायचं मी कासाराकडून शिकून घेतो."