धाकलूच्या खाचरातला दिवस

शके अठराशे पाच, आषाढ वद्य दशमी — सकाळी जोशांनी पंचांग बघून सांगितलं म्हणून ठाऊक. आजचा दिवस मी धाकलूला देणं लागतो, पाव्हणं, म्हणून तुमी बांधावर आन् मी चिखलात. बोला तिथूनच. हात थांबायचा नाय.

काय म्हणालात? पोरगा नोकरीला हाय म्हणून मुलगी द्यायला आलात? थू! तुमच्या खालापुरात नोकरी म्हटलं की पानसुपारी फिरते वाटतं. माझा हिरामण करतो काय? कर्जतच्या अलीकडं, रेल्वेच्या फाटकावर झेंडी धरून उभा ऱ्हातो. गाडी येते, जाते. पाऊस पडला तरी पगार, नाय पडला तरी पगार. ही नोकरी! अवो, सालगडीसुद्धा मालकासंगं आभाळाकडं बघतो. ह्याला आभाळच नको.

हळू बोला जरा. धाकलू पलीकडच्या खाचरात हाय, त्यानं ऐकायला नको. गेल्या आठवड्यात आमच्या आवणीला, भाताची रोपं लावायला, दिवसभर राबला तो. सावड — आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं. माझी कंबर धरते, म्हणून आज माझ्या जागी ये असा हिरामणला निरोप धाडला. आला नाय. मग मीच गेलो फाटकावर. तर म्हणतो, "बा, रजा नाय. धाकलूकाकाला मजूर लावू दे, पैसं मी देतो." पैसं! धाकलू काय मजुरीला आलावता? त्याच्या कानावर हे गेलं ना, तर पुढच्या साली आमच्या शेतात बगळासुद्धा उतरायचा नाय. अंग धडधाकट हाय पोराचं, पण एक दिवस त्याच्या हातात नाय — ही नोकरी.

मग मी रजा मागायला त्याच्या रेल्वेच्या साहेबाकडं — जाऊ द्या. जाऊ द्या ते.

गेलोवतो. पागोटं काढून हातात धरलं. पाटलापुढं कधी काढलं नाय ते. साहेब नुसता हसला. आन् हिरामण? मान वळवून रुळाकडं बघत ऱ्हायला. म्हातारा कोण, कुणाचा, काय ठाऊक नाय जणू.

अजून उभेच तुमी? मुलगी द्या, नायतर नका देऊ. मला काय पुसता? फाटकावर जा, साहेबाला पुसा — पोरगा त्याचा हाय.

ए धाकलू! ती रोपांची शेवटची मूठ फेक इकडं. "काका, ऱ्हाऊ द्या" म्हणू नको, सकाळपासनं तेच लावलंयस. फेक!

हां. बघ आता — ह्या बांधापासनं त्या बांधापातूर. एक रोप वाकडं नाय.

तुझा दिवस फिटला.