मिठाचा बर्फ

डॉक्टर : बाटली पुन्हा एकदा हलवा.

सिस्टर : तीनदा हलवून झाली, सर. अर्धा तास टेबलावर ठेवली. बघा ना, खाली साका बसलाय अन् वर नुसतं पाणी.

डॉक्टर : आणि ही शेजारची?

सिस्टर : ती तुम्ही सकाळी इंदापूरहून आणलेली. अजून दुधाळ दिसतेय. ती चांगली आहे.

डॉक्टर : म्हणजे आपली गोठली होती. धनुर्वाताची लस एकदा गोठली की संपली. मंगळवारी वस्तीवर आपण जे टोचलं ते सगळं पाणी.

सिस्टर : मी टोचलं. आपण नाही, मी.

डॉक्टर : पण बर्फ तर मीही वापरतो. साध्या बर्फानं लस इतकी गोठत नाही, अंजलीताई. त्यात होतं काय?

सिस्टर : डबा धुताना तळाशी हे सापडलं. बघा चाखून.

डॉक्टर : खडेमीठ?

सिस्टर : मासळीवाले टाकतात बर्फात, गारवा वाढतो. तुम्ही रजेवर होता. वादळात डांब पडला, दोन दिवस लाईट नाही, फ्रीज बंद. मी घाबरले, सर. त्या पोलिओच्या मोहिमेपासून एकच घोकतोय ना आपण, थंड ठेवा, थंड ठेवा. पोलिओचे थेंब गोठले तरी चालतात, हिचं तसं नाही, हे मला काय माहीत नव्हतं? वीस वर्षं झाली नोकरीला. पण त्या दिवशी डोकंच चाललं नाही. साखरबाईनं मासळीच्या खोक्यातला बर्फ काढून दिला आणि मी त्याच्यावर बाटल्या ठेवल्या. मधे साधा पेपरसुद्धा घातला नाही.

डॉक्टर : साखरबाई म्हणजे तीच ना, तुमच्या अंगावर कुत्रं सोडणारी?

सिस्टर : तीच. तिच्या सुनेचं, गोजरचं, पहिलं पोर आठव्या दिवशी गेलं. धनुर्वातानं. तरी सुईला दारात उभं करायची नाही. आठ महिने खेटे घातले तेव्हा कुठं गोजरनं दंड पुढं केला. आणि आता ती बया अख्ख्या वस्तीला सांगत फिरतेय, माझ्या बर्फानं पोरांचं औषध वाचवलं म्हणून.

डॉक्टर : मंगळवारी गोजरला टोचलंत?

सिस्टर : सोळा जणांत पहिली तीच. दुसरा डोस होता. पहिला चांगला होता, पण एकट्या पहिल्यावर भागत नाही.

डॉक्टर : दिवस किती राहिलेत तिचे?

सिस्टर : पंधरा. फार तर सतरा.

डॉक्टर : आणि लस लागू पडायला दोन आठवडे हवेत. म्हणजे आज. बाकी पंधरा पोरांचं चार दिवसांनी चालेल, तिचं आजच. ठीक आहे, तुम्ही जा आणि सांगा, वरून नवीन नियम आलाय, गरोदर बाईला तीन सुया. तीन मिनिटांचं काम आहे.

सिस्टर : खोटं सांगून टोचू?

डॉक्टर : खरं सांगितलंत आणि तिनं दार लावलं तर? बाळंतपण घरीच होणार. नाळ कशानं कापतील, तुम्हाला माहीत आहे.

सिस्टर : आहे माहीत.

डॉक्टर : मग? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून त्या पोराचा जीव पणाला लावणार?

सिस्टर : लागलं, सर. फार लागलं. पण ऐका. फ्रीजचं ड्रायव्हरला माहीत आहे, शिपायाला माहीत आहे. बाजारच्या दिवशी ही गोष्ट भिगवणला पोचेल, तिथून वस्तीवर. त्यानंतर तुमची बदली होईल, मी इथंच राहणार. मग मला कोण दार उघडेल? आणि मी तिला शब्द दिलाय, जे टोचीन ते सांगून टोचीन. त्या एका शब्दावर तिनं कुत्रं बांधलं.

डॉक्टर : आणि नाहीच ऐकलं तर?

सिस्टर : तर मी दारात बसून राहीन. पुन्हा आठ महिने नाहीत माझ्याकडं, पण आजचा दिवस आहे. एकच करा, मिठाचं बोलू नका. तिनं चांगल्या मनानं दिलं होतं.

डॉक्टर : चला. जीप काढायला सांगतो. पण मला हे पटलेलं नाही.

(त्याच दुपारी. उजनीच्या पाण्याकाठी, साखरबाईच्या छपरापुढे.)

साखरबाई : आगं बया, शिस्टरबाई! आन् आज डाक्टर बी? गोजर, घोंगडं टाक. डाक्टर, चिलापी ताजी हाय, तळून दिऊ का?

डॉक्टर : नको, आजी. जरा कामाचं बोलायचं होतं.

साखरबाई : कामाचं बोलाया जीप लागती व्हय! शिस्टर, त्वांड का असं? कोन ग्येलं का?

सिस्टर : साखरबाई, मंगळवारची सुई वाया गेली.

साखरबाई : वाया म्हंजी?

सिस्टर : औषध गोठलं होतं. गोठलं की त्याच्यात दम राहत नाही. टोचायच्या आधी मी बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही. माझी चूक आहे.

साखरबाई : म्हंजी माज्या सुनंच्या दंडात काय ग्येलं?

सिस्टर : पाणीच म्हणा. त्याचा अपाय काही नाही. पण उपयोगही नाही.

साखरबाई : पानी.

सिस्टर : आज पुन्हा टोचावं लागेल. आजच. उशीर केला तर बाळापर्यंत पोचायचं नाही.

साखरबाई : आठ म्हयनं तू ह्या दारात बसलीस, शिस्टर. ह्या बारीला तसं न्हाय व्हायचं म्हनलीस. मी म्हनलं, ऐकावं हिचं. माज्या नातवाचा जबडा उघडत न्हवता, ठावं हाय ना तुला? कापसाच्या बोळ्यानं दूध सोडलं तर गालावनं खाली यायचं. कुनी मोठ्यानं बोललं तरी ल्येकरू कमानीवानी वाकायचं, म्हनून आमी समदी कुजबुजत व्हतो. घरात दोन दिस कुजबुजत व्हतो आमी. आन् तू हिला पानी टोचलंस?

सिस्टर : हो.

डॉक्टर : आजी, वीज गेली होती, फ्रीज बंद पडला. चूक एकट्या सिस्टरची नाही, दवाखान्याची...

साखरबाई : तुमी गप ऱ्हावा, डाक्टर. गोजर, आत जा. कुनी बी टोचायचं न्हाय हितं. निगा तुमी.

सिस्टर : मला हाकला, कुत्रं सोडा. पण सुई घेऊ द्या तिला. माझ्या हातानं नको असेल तर डॉक्टर टोचतील.

साखरबाई : कुनाच्या बी हातानं नगं! बर्फ न्यायला आलीस तवा कशी पळत आलीस. मी अर्धं खोकं रिकामं क्येलं, माजी मासळी उनात टाकली. त्यो बर्फ काय तू वाटंत सांडलास?

सिस्टर : नाही सांडला.

साखरबाई : मग? इतळला?

सिस्टर : नाही. चांगला होता बर्फ. मीच मधे काही न घालता बाटल्या ठेवल्या, म्हणून गोठल्या.

साखरबाई : आसं कसं? आगं, जलम ग्येला माजा बर्फात. नुसत्या बर्फात मासळी गार ऱ्हाती, तिचा दगूड न्हाय व्हत. दगूड व्हाया मीठ लागतं, तवा...

सिस्टर : साखरबाई, ते राहू द्या. गोजरला बोलवा.

साखरबाई : मी मीठ टाकलं व्हतं.

सिस्टर : राहू द्या म्हणते ना.

साखरबाई : दोन मुठी ज्यादा टाकलं. म्हनलं, पोरांचं औषिद हाय, वाटंत इतळाया नगं. तू पाठमोरी हुतीस. ...तुला ठावं व्हतं?

सिस्टर : आज सकाळी कळलं. डबा धुताना.

साखरबाई : मग बोल्ली का न्हाईस?

सिस्टर : काय बोलू? टोचणारी मी. बर्फ कसला आहे ते विचारायचं काम माझं होतं. तुम्हाला काय ठाऊक, कशाला किती गार लागतं ते.

साखरबाई : माज्याच हातानं. माज्याच सुनंला.

डॉक्टर : आजी, अजून काही बिघडलेलं नाही. आज टोचलं तर वेळ आहे. पण आजच.

साखरबाई : किती घरी टोचलं आसं?

सिस्टर : तुमचं धरून सोळा. बाकी पंधरा घरी जायचंय.

साखरबाई : त्या बाया कुत्रं न्हाय सोडायच्या. सुरी घिऊन येतील.

सिस्टर : येऊ देत.

साखरबाई : डाक्टर, आजचं औषिद कशात आनलंय?

डॉक्टर : ह्या डब्यात. खाली पिशवीत बर्फ, त्यावर पेपरची जाड घडी, मग बाटल्या.

साखरबाई : उघडा. त्या पिशवीतलं पानी माज्या हातावर वता.

डॉक्टर : कशाला?

सिस्टर : ओता, सर.

साखरबाई : ...आळनी हाय.

सिस्टर : हो.

साखरबाई : आनखी वता. ...हां. आळनीच हाय. गोजर! ये भाईर. दंड म्होरं कर. रडायचं न्हाय, म्या हात धरते. शिस्टर, तूच टोच. तुज्यावरला माजा राग ग्येला न्हाय, ध्येनात ठिव.

सिस्टर : ठेवते.

साखरबाई : झालं? बरं. डाक्टर, जीप हितंच ऱ्हाऊ द्या, वस्तीवर जीप बगून मानसं दारं लावत्यात. शिस्टर, तो डबा हिकडं आन.

सिस्टर : तुम्ही कुठं निघालात?

साखरबाई : पंधरा घरी. तू माज्या मागनं ये, आन् त्वांड उघडू नगंस. मिठाचं मी सांगते.