घटातलं रोशाचं तेल

दसऱ्याला टोपीत घटाचे तुरे खोवलेली माणसं दिसली ना, की मला अण्णांची, म्हणजे वडिलांची, रिकामी टोपी आठवते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट, आमच्या जामखेडकडची.

अण्णांच्या गुडघ्यांना चोळायला मामानं डोंगरातल्या रोशा गवताचं तेल आणलं होतं. बाटली उघडली की घरभर गोड वास. आई म्हणाली, "आपल्याला एवढा आवडतो, तर देवीला न्हाई व्हय आवडायचा?" आणि नवरात्रात घटाच्या मातीवर रोज ते तेल शिंपडायला लागली.

माळा चढत गेल्या, पण घट काही उगवला नाही. अण्णा घट बघूनच रब्बीचं ठरवायचे. म्हणाले, "देवी नगं म्हनतीया. यंदा ज्वारी पेरायची न्हाई." ठेवलेलं बियाणं दळून आणलं.

मग परतीचा पाऊस आला. थोडाच आला, पण पेरलेल्यांची ज्वारी वर आली. त्याच सुमारास आईला न्हाणीमागं गहू दिसला, चांगला वीतभर. घट बसवताना उरलेलं धान्य तिनंच तिथं टाकलं होतं. ती धावत आली, "आवं, ह्ये घटातलंच धान हाय! त्या तेलानं जाळलं वं आपलं!"

पुढच्या साली दोघं दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आई अजून तेलालाच शिव्या देत होती. अण्णा म्हणाले, "तेलाला कशाला बोल लावतीस? देवीनं न्हाणीमागं व्हय म्हनलं हुतं. आपनच घटाकडं बघत बसलो."